इंग्रजी साम्राज्याचा उदय आणि आपला खानदेश

इतिहासाच्या तासाला एका विद्यार्थ्यानें आम्हांस एक प्रश्न विचारला. वर्गाच्या भिंतीवर जगाचा एक जुना नकाशा टांगलेला आहे. पहिलें महायुद्ध संपल्यानंतरच्या वर्षांतला तो. त्यांत इंग्रजी अमलाखालील मुलूख तांबड्या रंगानें दाखविला आहे. त्या काळीं पृथ्वीवरील जमिनीचा सुमारें चवथा हिस्सा त्या रंगाखालीं होता. विद्यार्थी नकाशाजवळ गेला, त्यानें इंग्लंडवर अंगठा ठेविला आणि म्हणाला, "सर, हें बेट तर अंगठ्याखालीं झांकून जातें. मग एवढ्याशा बेटानें एवढें जग घेतलें कसें?"

आम्हीं पुस्तकांतलें उत्तर दिलें: आरमार, यंत्रें, शिस्त, व्यापारी बुद्धि. विद्यार्थी खालीं बसला. परंतु आमचें मात्र त्या उत्तरानें समाधान झालें नाहीं. आरमार उभारावयास पैसा लागतो, यंत्रांस कच्चा माल लागतो, आणि शिस्तीची फौज झाली तरी तिला माणसें व पगार हीं लागतातच. तीं आलीं कोठून? साम्राज्याची हकीकत बहुधा लंडनच्या बाजूनें सांगितली जाते. तीच धुळें-जळगांवच्या बाजूनें सांगून पाहिली तर कदाचित् विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें अधिक खरें उत्तर मिळेल, असें मनांत आल्यावरून हा लेख लिहीत आहों. खानदेश म्हणजे १९०६ सालीं ज्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले तो जिल्हा. आजचे जळगांव, धुळें व १९९८ सालीं वेगळा झालेला नंदुरबार हे जिल्हे त्यांत येतात.

प्रथम धरणगांव घेऊं. ईस्ट इंडिया कंपनीस सनद मिळाली १६०० सालच्या शेवटच्या दिवशीं. पुढें सुरतेस तिची वखार झाली. सुरतेहून बऱ्हाणपूर व तेथून आग्रा असा राजरस्ता आपल्या खानदेशांतून जात असे. १६१५ सालीं इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा सुरतेहून बऱ्हाणपुरास गेला आणि शहाजादा परवीझ याच्या दरबारीं व्यापाराची सवलत मागता झाला. १६७४ सालीं इंग्रजांनीं धरणगांवास वखार घातली. पुढच्याच वर्षीं ती शिवछत्रपतींच्या फौजेनें लुटली. १६७९ सालीं पुन्हा लुटली. १६८५ सालीं संभाजी महाराजांच्या फौजेनें पेठ जाळली. म्हणजे पुढें जगावर राज्य करणारे हे लोक त्या काळीं आपल्या एका पेठेतली वखारसुद्धां राखूं शकत नव्हते. आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी. हे व्यापारी येथें कापड विकावयास आले नव्हते, कापड विकत घ्यावयास आले होते. आपल्याकडे खपेल असा माल त्यांच्यापाशीं फारसा नव्हता. ते रुपें आणीत आणि कापड नेत. दोनशें वर्षांनीं हा ओघ उलटा कसा झाला तें पुढें येईलच.

व्यापाऱ्याचा राजा झाला तो बंगाल्यांत. १७५७ सालीं प्लासीची लढाई झाली, पण आमच्या मतें तिच्याहूनही महत्त्वाचें साल १७६५ हें होय. त्या सालीं बादशहाकडून कंपनीस बंगालची दिवाणी, म्हणजे सारावसुलीचा अधिकार, मिळाला. आतां लढाईसाठीं लंडनहून पैसा आणण्याचें कारण उरलें नाहीं. बंगालच्या रयतेनें दिलेल्या साऱ्यांतून शिपायांचा पगार होऊं लागला, त्या शिपायांनीं नवा मुलूख घेतला, आणि नव्या मुलखाच्या साऱ्यांतून आणखी शिपाई ठेविले. रहाटगाडग्यासारखा हा प्रकार आहे. एक पोहरा रिता होतो न होतो तों दुसरा भरून वर येतो. १८५७ च्या सुमारास कंपनीच्या पदरीं देशी शिपाई दोन लाखांहून अधिक होते, आणि गोरे शिपाई चाळीस हजारांच्या आसपास. बेट अंगठ्याखालीं झांकलें जातें खरें, परंतु लढणारे हात बव्हंशीं त्या बेटांतले नव्हतेच.

येथें आपल्या लोकांचा दोषही झांकून ठेवणें योग्य नव्हे. १८०२ सालीं यशवंतराव होळकरांच्या फौजांनीं खानदेश उध्वस्त केला, त्यावर १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ पडला. धुळें त्या सालीं अगदीं ओस पडलें होतें. पुढें विंचूरकरांच्या पदरचे बाळाजी बळवंत यांनीं तें पुन्हा वसविलें. दुसऱ्या बाजीरावानें महाल मक्त्यानें देण्याची चाल पाडली. जो जास्त रक्कम कबूल करील त्याला महाल; मग त्यानें रयतेस किती पिळावें यास विचारणारा कोणी नाहीं. पेंढारी लुटीत, पगार थकलेले अरब शिपाई गढ्या अडवून बसत, आणि डोंगरांतले भिल्ल, ज्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या गांवाची व घाटाची राखण होती, ते हक्क बुडाल्यामुळें दरोडे घालीत. अशा मुलखांतील शेतकऱ्यानें कोणाच्या राज्यासाठीं लढावें?

आतां थाळनेर. शिरपूर तालुक्यांत तापीच्या कांठीं हें गांव आहे. फारुकी सुलतानांची ही पहिली राजधानी. त्यांच्या कबरी अजून तेथें आहेत. किल्ल्याची एक बाजू थेट तापीच्या पात्रांतून उठते आणि उरलेल्या तीन बाजूंस खोल घळ आहे. आंत जाण्याची वाट एकच, पूर्वेकडून, आणि तीवर एकामागें एक असे पांच दरवाजे होते. २१ डिसेंबर १८१७ रोजीं महिदपूरच्या लढाईंत सर टॉमस हिस्लॉप यानें होळकरांचा पराभव केला. ६ जानेवारी १८१८ रोजीं मंदसोरास तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेकडील होळकरांचा मुलूख इंग्रजांस मिळाला. खानदेशांतील होळकरांचा भाग असा एका कागदावर गेला. येथल्या माणसांस तें कोणीं विचारलें नव्हतें.

२७ फेब्रुवारी रोजीं हिस्लॉप थाळनेरास पोंचला. किल्लेदार तुळशीराम याला किल्ला खालीं करण्यास सांगण्यांत आलें. त्यानें तें मानलें नाहीं. तोफा सुरू झाल्या. बाहेरचे दरवाजे पडल्यावर बोलाचाली चालू झाली, आणि कांहीं इंग्रज अंमलदार थोड्या लोकांनिशीं शेवटच्या दरवाजाच्या दिंडींतून आंत शिरले. आंतल्या अरबांस तें बोलणें कळलें नाहीं, किंवा कळूनही भरंवसा वाटला नाहीं. चकमक उडाली आणि रॉयल स्कॉट्स पलटणीचा मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर हे मारले गेले. मग बाहेरची फौज आंत घुसली आणि किल्ल्यांतील सुमारें अडीचशें ते तीनशें माणसें कापून काढण्यांत आलीं. तुळशीरामास बंडखोर ठरवून फांशीं दिलें.

किल्लेदार खरोखर बंडखोर होता काय? त्याच्या धन्यानें तह केला होता, त्या दृष्टीनें तो हुकूम मोडणारा ठरतो. पण ज्या किल्ल्याची राखण त्याच्या हातीं सोंपविली होती तो शत्रूनें पाठविलेल्या निरोपावर खालीं करणें यालाही शिपाईगिरींत चांगलें नांव नाहीं. ही शंका आमचीच आहे असें नाहीं. १८१९ सालीं ह्या मोहिमेबद्दल फौजेचे आभार मानण्याचा ठराव जेव्हां खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटापुढें आला, तेव्हां थाळनेरच्या कृत्यास ह्या आभारांनीं मान्यता मिळाली असें समजूं नये, असें तेथें स्पष्ट करण्यांत आलें. हें त्या सभेस भूषणावह आहे. मात्र थाळनेर परत कोणासही मिळालें नाहीं. विवेक असूनही साम्राज्य वाढतें, तो नसला म्हणजेच वाढतें असें नाहीं. ही गोष्ट आम्हांस ह्या प्रकरणांत सर्वांत विचार करण्याजोगी वाटते.

थाळनेरनंतर मालेगांवच्या अरबांनीं मात्र जूनपर्यंत झुंज दिली. तें ठाणें पडल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा खानदेशचा पहिला पोलिटिकल एजंट धुळ्यास राहून कारभार पाहूं लागला. पुणें व हिंदुस्थान यांच्या वाटेवर मध्यावर पडतें म्हणून त्यानें धुळें निवडलें. आज धुळें जिल्ह्याचें ठिकाण आहे याचें मूळ त्या निवडींत आहे. हा ब्रिग्ज विद्वान् होता. फेरिस्त्याच्या फारसी इतिहासाचें इंग्रजी भाषांतर त्यानेंच पुढें प्रसिद्ध केलें. तलवार, खतावणी आणि पोथी हीं तिन्ही एकाच हातांत असणें हा ह्या राज्यकर्त्यांचा विशेष होता, आणि ह्या बाबतींत आपले सरदार त्यांच्या फार मागें होते हें कबूल केलें पाहिजे.

भिल्ल मात्र ब्रिग्जला आवरले नाहींत. सात वर्षें सातपुड्यांत व सातमाळ्यांत पलटणी धांवत होत्या. झाडी, हिवताप आणि भिल्लांचे बाण यांपुढें त्यांचें कांहीं चाललें नाहीं. १८२५ सालीं नवी युक्ति काढण्यांत आली. जेम्स औट्रम नांवाचा बावीस वर्षांचा एक अंमलदार धरणगांवास आला. भिल्लांचीच पलटण उभारावयाची हें काम त्याला सोंपविलें होतें. प्रथम त्यानें झाडींतल्या टोळ्यांवर छापे घातले, नंतर तो स्वतः पहारा न ठेवतां त्यांच्यांत जाऊन राहिला, त्यांच्या नाइकांबरोबर दारू प्याला, वाघांची शिकार केली. मूठभर भिल्ल कसेबसे नोकरीस राजी झाले. त्यांस पगार रोजच्या रोज व बिनचूक मिळतो हें पाहून दुसरे आले, आणि दोन तीन वर्षांत शेंकडों भिल्लांची पलटण तयार झाली. ज्या धरणगांवांत दीडशें वर्षांपूर्वीं इंग्रजांस आपली वखार राखतां येत नव्हती, त्याच धरणगांवांत आतां भिल्ल त्यांच्या खजिन्याची राखण करूं लागले!

औट्रमच्या धैर्याबद्दल आम्हांस आदरच वाटतो. परंतु येथून तो कोठें कोठें गेला तें पाहावें. दहा वर्षें खानदेशांत काढल्यावर तो गुजराथेंत गेला, मग अफगाणिस्तानच्या स्वारींत, मग सिंधेंत. १८५६ सालीं अयोध्येचें राज्य खालसा झालें तेव्हां लखनौचा रेसिडेंट तोच. १८५७ च्या आरंभीं इराणवर गेलेल्या फौजेचा सेनापति तोच, आणि त्याच सालच्या सप्टेंबरांत लखनौच्या वेढ्यांतही तोच. खानदेशची झाडी ही साम्राज्याची पाठशाळा होती असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. सिंधचें राज्य घेणें अन्यायाचें आहे असें त्याचें मत झालें होतें, आणि लुटींतील आपल्या वाट्याची रक्कम त्यानें धर्मादाय दिली. सिंध तरीही घेतलें गेलें.

राज्य आलें म्हणजे मोजणी येते. १८५२ सालीं सरकारी मोजणीविरुद्ध सावदें, फैजपूर, एरंडोल ह्या बाजूचे हजारों शेतकरी जमले. सारा वाढणार ही त्यांची भीति. फौज आणून तो जमाव मोडण्यांत आला. १८५७ सालीं सेंधव्याच्या घाटांत, जेथें पूर्वीं सरकारच्याच नोकरींत राखणदार म्हणून तो होता, त्याच ठिकाणीं खाज्या नाइकानें सुमारें सात लाखांचा खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजीं अंबापाणी येथें त्याच्या व भीमा नाइकाच्या भिल्लांची इंग्रजी फौजेशीं मोठी लढाई झाली. आपल्या पाठ्यपुस्तकांत झांशी येते, कानपूर येतें. अंबापाणी क्वचितच येतें.

त्या घाटांतून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यावरून जातो. पालकांपैकीं अनेकजण त्यावरून नित्य प्रवास करीत असतील. एका काळीं माळव्याची अफू ह्या वाटेनें मुंबईस जाई आणि तेथून जहाजांत भरून चीन देशास. चीनच्या बादशहानें अफू बंद केली म्हणून १८३९ सालीं युद्ध झालें. १८४२ च्या नानकिंगच्या तहानें हाँगकाँग इंग्रजांस मिळालें. त्या युद्धांतही हिंदी शिपाई होते. सिंध घेतल्यावर माळव्याच्या अफूची कराचीकडील वाट बंद झाली आणि मुंबईच्या वाटेवरचें शुल्क कंपनीनें वाढवीत नेलें. बैलगाड्या हांकणाऱ्या आपल्या गाडीवानास यांतलें कांहींच ठाऊक नसेल. भाडें मिळालें म्हणजे त्याचें काम झालें.

कापसाची गोष्ट मात्र खानदेशांत अद्याप घरोघर कळण्यासारखी आहे. लँकेशायरच्या गिरण्यांस लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिण संस्थानांतून येत असे. १८६१ सालीं तेथें यादवी युद्ध पेटलें, बंदरें कोंडलीं गेलीं आणि गिरण्या उपाशी पडूं लागल्या. मग विलायतेस खानदेशची आठवण झाली. मुंबईस कापसाचे भाव कित्येक पटींनीं चढले. त्याच वर्षांत मुंबईहून येणारी लोहमार्गाची वाट खानदेशांत पुढें सरकत होती. थळ घाटांतील काम १८६५ सालीं पुरें झालें आणि १८६७ सालीं भुसावळवरून गाडी नागपुरास पोंचली. जळगांव हें तोंपर्यंत एक सामान्य गांव होतें, तें ह्या चार वर्षांत कापसाची मोठी पेठ झालें. ज्वारीच्या शेतांत कापूस आला, सावकार मागेल त्याला कर्ज देऊं लागला. लोभही वाढला: कापसांत सरकी, माती, पाणी घालण्याचा प्रकार इतका माजला कीं १८६३ सालीं मुंबई सरकारनें भेसळीविरुद्ध कायदा केला. हा दोष लँकेशायरचा नव्हे, आपला.

एप्रिल १८६५ मध्यें अमेरिकेचें युद्ध संपलें. भाव कोसळले. मुंबईंत पेढ्या बुडाल्या. जळगांवच्या पेठेसही मोठा धक्का बसला. सारा मात्र ठरलेलाच राहिला, आणि चढत्या भावांत काढलेलें कर्जही. एका परक्या खंडांतील लढाईनें आपला शेतकरी चार वर्षें श्रीमंत झाला आणि तिच्या तहानें कर्जबाजारी झाला. यांत कोणीं मुद्दाम दुष्टपणा केला असें नाहीं. जगाच्या बाजाराशीं त्याला जोडलें गेलें, परंतु त्या बाजारांत त्याच्या हातीं कांहींच नव्हतें, एवढेंच.

आतां तो उलटा ओघ. सतराव्या शतकांत आपलें कापड न्यावयास आलेले लोक एकोणिसाव्या शतकांत आपला कापूस नेऊं लागले आणि तेंच कापड करून आपणांस विकूं लागले. पुढें जळगांवास स्वदेशी गिरणी निघाली, अंमळनेरास प्रताप शेठांनीं काढली. पण १८९६ सालीं हिंदी गिरण्यांच्या कापडावर शेंकडा साडेतीन रुपये जकात बसविण्यांत आली. कारण काय, तर बाहेरून येणाऱ्या कापडावर तेवढीच जकात होती, आणि लँकेशायरला हिंदी गिरणीची बरोबरी जड जाऊं नये! ही जकात तीस वर्षांनीं उठली. जळगांवच्या कापसाचें जळगांवांतच केलेलें कापड जळगांवच्या माणसानें घ्यावयाचें, आणि कर मात्र मँचेस्टरच्या सोयीसाठीं. साम्राज्य म्हणजे काय हें एका वाक्यांत विचारलें तर आम्ही हेंच उदाहरण देऊं.

याच रीतीनें तें थेट १९१४ पर्यंत चाललें. पहिल्या महायुद्धांत दहा लाखांहून अधिक हिंदी माणसें समुद्रापार पाठविण्यांत आलीं, आणि १९१७ सालीं दहा कोटी पौंडांचा भार हिंदुस्थाननें 'देणगी' म्हणून उचलला. देणगी देणाऱ्यास विचारण्याचा प्रघात येथेंही नव्हताच. दुसऱ्या महायुद्धांत मात्र रहाटगाडगें उलटें फिरलें. परदेशांत लढणाऱ्या हिंदी फौजेचा व येथून घेतलेल्या मालाचा बराचसा खर्च इंग्लंडनें सोसावयाचा असें ठरलें. पैसे रोख नव्हते, म्हणून ते हिंदुस्थानच्या नांवें लंडनला जमा होत गेले. युद्ध संपलें तेव्हां इंग्लंड हिंदुस्थानचें सुमारें १३० कोटी पौंड देणें लागत होतें. इकडे डिसेंबर १९३६ मध्यें काँग्रेसचें पहिलें ग्रामीण अधिवेशन आपल्याच फैजपुरास भरलें होतें, आणि ९ सप्टेंबर १९४२ रोजीं नंदुरबारच्या चौकांत शिरीषकुमार हा शाळकरी मुलगा गोळीबारांत पडला. १९४७ सालीं राज्य गेलें तें ह्या त्यागामुळें असें आपण म्हणतों, आणि तें खरें आहे. पण १७६५ सालीं सुरू झालेला हिशेब त्याच वेळीं बंद पडत आला होता, हेंही त्याच्या जोडीला वाचलें पाहिजे.

हा लेख छापावयास देण्यापूर्वीं आम्हीं त्या विद्यार्थ्यास वाचून दाखविला. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "म्हणजे सर, जग त्यांनीं आपल्याच माणसांकडून घेतलें?" आम्हीं म्हटलें, बरेचसें. त्यावर त्याचा दुसरा प्रश्न: "मग थाळनेरच्या बाहेर कंपनीचे जे देशी शिपाई उभे होते त्यांना काय वाटलें असेल?" याचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. हिस्लॉपचे कागद आहेत, ब्रिग्जचे आहेत, औट्रमचें चरित्र आहे; त्या शिपायाचा कागद आमच्या पाहण्यांत नाहीं.

म्हणून पालकांस एक विनंती आहे. खानदेशांतील पुष्कळ जुन्या घरांत माळ्यावर रुमालांत बांधलेले कागद पडून असतात: सारापावत्या, कर्जरोखे, कापसाचे सौदे, पलटणींतून आलेलीं पत्रें. इतिहासाचार्य राजवाडे असेच कागद गोळा करीत गांवोगांव हिंडले आणि १९२६ सालीं धुळ्यासच वारले. त्यांच्या नांवाचें संशोधन मंदिर तेथें आहे. कोणाच्या घरीं असा रुमाल असेल तर तो वाळवी लागण्यापूर्वीं सोडून पाहावा, आणि मोडी वाचतां येत नसेल तर मुलाबरोबर शाळेंत पाठवावा. वाचून, नक्कल करून, जसाच्या तसा परत करूं.